पाठीवरचा टाक

यावल, संक्रांत होऊन चौथा दिवस, १९३७

चि. लीलाधरास मोठ्या मायचा आशीर्वाद.

तू मला विसरला असशील म्हणून आधी ओळख करून देते. मी कमलबाई, उखर्डू पाटलाची बायको, तुझ्या बापाची माय. मानमोडीच्या साथीत तुझा बाप चिंधा गेला, त्याच आठवड्यात तुझी आई गेली, तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तेव्हापासून तुझं नाक जिने पुसलं ती मी. उजव्या भुवईवर तीळ आहे. एवढ्यावर ओळख पटली तर पुढे वाच, नाही तर पत्र टपालवाल्याला परत दे.

हे पत्र तुझी बायको लिहिते आहे. तिचं नाव प्रमिला. हेही सांगून ठेवलेलं बरं. मी धुळ्याकडचं बोलते आणि ती चौथीच्या पुस्तकातलं लिहिते. मी 'शे' म्हटलं की तिच्या बोटातून 'आहे' उतरतं. तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला माझं बोलणं कळतं गं. तर म्हणते, "मुंबईत पत्र दुसऱ्या कुणी वाचलं तर?" म्हणजे माझी लाज वाटते, पण गोड शब्दांत.

तुझं पत्र नऊ पानांचं आलं. प्रमिलाने ओट्यावर बसून वाचून दाखवलं. तिने आधी सगळी पानं चाळली, आपलं नाव कुठे आहे ते बघायला. शेवटच्या पानावर सापडलं, "प्रमिलेस आशीर्वाद" असं. बाकीची साडेआठ पानं वॉल्टररावाची, तुझ्या कॉलेजातल्या साहेबाने तुला अभ्यासाला दिलेल्या. आठशे वर्षांपूर्वी मेलेला गोरा जमीनदार, समुद्राच्या अलीकडे जमीन, पलीकडे जमीन, टेकडीवर गढी, हातावर ससाणा. त्याच्या आज्याचं नाव तुला पाठ. त्याच्या भावाने कुठल्या साली दगा दिला ते पाठ. आणि शेवटी तू मला विचारतोस, "आपल्या पणजोबांचं नाव काय होतं? साहेबांनी विचारलं, मला सांगता आलं नाही. वंशावळ लिहून पाठव."

घे. तुझा पणजा तोताराम. त्याची पोरं जगेनात म्हणून एकाला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं, तो उखर्डू, तुझा आजा. त्याचा चिंधा. त्याचा तू. झाली वंशावळ. बायकांची नावं तुझ्या साहेबाला कशाला हवीत? त्याला काय इथे सोयरीक करायची आहे?

दिवाळीला आला नाहीस, संक्रांतीला आला नाहीस. वॉल्टररावाच्या घरी सणाला जेवायला बोलावत असतील तर तसं कळव, मी मन घट्ट करीन.

आणि माहीमचा हलवा पाठव. दात पाच राहिलेत. एकटीपुरता पाठव, वाटून खाण्याचं माझं वय गेलं.

---

यावल, शिवरात्रीचा दुसरा दिवस

चि. लीलाधरास आशीर्वाद.

हलवा पोहोचला. कागदावर तूप आलं होतं, चव चांगली होती. प्रमिलेला एक वडी दिली. ती म्हणते दोन लिही. दीड लिहिते.

आता तू लिहितोस की बायकांची नावंही पाहिजेत, कारण वॉल्टररावाच्या घरातली खरी हुशार माणूस त्याची दुसरी बायको इझाबेल. "विलक्षण बाई होती, मोठी माय," असं लिहिलंस. तिने गढी सांभाळली, नवरा लढाईवर गेला तर वेढा परतवला, मठाला पाणचक्की दान दिली. प्रमिलेला मी ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. विलक्षण. मी सत्तेचाळीस वर्षं या घरात आहे. केळीची बाग नवऱ्यामागे अकरा वर्षं मी राखली. वादळात खोडं आडवी झाली तेव्हा गुडघाभर चिखलात उभी राहून आधाराचे बांबू मी रोवून घेतले. मला कुणी विलक्षण म्हटलं नाही. गेल्या वर्षी म्हैस बघायला शेजारचा भिकन आला होता, तो जाताना म्हणाला, "म्हातारी चिवट शे." तेवढंच काय ते माझ्या नावावर.

तुझ्या इसाबाईला लिहिता येत होतं का? ते कळव.

बायकांची नावं म्हणतोस तर लिही. तुझ्या बापाची माय कमलबाई. माझी दोन लेकरं गेली, तिसरं जगावं म्हणून शेजारणीच्या पदरात टाकून तिच्याकडून जुन्या चिंधीच्या मोबदल्यात परत घेतलं. म्हणून त्याचं नाव चिंधा.

तुझ्या आज्याची माझ्या आधी एक बायको होती, ते तुला माहीत आहे. माझ्या गळ्यातला टाक लहानपणी तू चोखायचास. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाई, ती सुंदरबाई. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने सवतीचा टाक गळ्यात घालायचा आणि जे काही खायचं नेसायचं ते आधी तिला दाखवायचं, नाही तर ती घरात त्रास देते, अशी रीत. नवीन लुगडं आधी टाकाला लावायचं. पहिला घास आधी टाकाला. तुला वाटत असेल एवढ्याशा चांदीला काय लागतं. पंधरा वर्षांची असताना गळ्यात घाल, मग कळेल. आंबा कापला, आधी ती. पुरणाची पोळी खापरावरून उतरली, आधी ती. बारा वर्षांनी पत्रा झिजला तर तुझ्या आज्याने जळगावच्या सोनाराकडून नवा करून आणला, आधीच्यापेक्षा जड. मला त्या वर्षी त्याने काहीच आणलं नाही. मेलेल्या बाईला नवे दागिने आणि मी तिच्याच जुन्या पाटल्या घालून तिला घास दाखवते आहे.

म्हणून मी एक युक्ती काढली. साधी भाकरी असली की टाक समोर. गोडधोड असलं की दोरा फिरवून टाक पाठीवर टाकायचा आणि खाऊन घ्यायचं. तुझा हलवाही तसाच खाल्ला. प्रमिला हसते आहे. हसू दे, तिच्या गळ्यात टाक नाही.

वंशावळीत सुंदरबाईचं नाव नको. तापाने गेली, पोर ना बाळ. तिच्यापासून वंश नाही.

---

यावल, होळीला पाच दिवस

लीलाधर,

तुझं कार्ड आलं. इसाबाईला लिहिता येत नव्हतं, मठातला कारकून तिचं दानपत्र लिहून घ्यायचा आणि ती मेणावर शिक्का उठवायची, असं तू लिहितोस. ठीक.

पुढचं मात्र ठीक नाही. दानपत्रात ती म्हणते "माझा मुलगा रॉबर्ट." आणि तू हिशेब घालून बघितलास तर रॉबर्ट हा पहिल्या बायकोचा, आदेलीनचा, कारण इसाबाई लग्न होऊन आली तेव्हा तो पाळण्यात होता. मग साहेब म्हणाले की कारकुनाची चूक. आणि पाडव्यानंतर प्रबंध द्यायचा आहे, त्यात तू तसंच लिहिणार.

तसं लिहू नकोस.

का ते आता सांगत नाही. प्रमिलेला भाकरी टाकायच्या आहेत. पण तुझ्या साहेबाला म्हणावं, थांबा.

---

यावल, पाडव्याचा दुसरा दिवस

चि. लीलाधरास.

काल गुढी उतरवल्यापासून मी बोलायला बसते आणि उठते. प्रमिलेने तीनदा दौत उघडली आणि तीनदा बंद केली. आता तिला सांगितलं आहे, मी काहीही बोलले तरी हात थांबवायचा नाही आणि पुस्तकी करायचं नाही.

कारकून चुकला नाही. मठातला माणूस, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेणारा, तो "माझा" आणि "तिचा" यात चुकेल का? इसाबाई त्याच्यासमोर बसली असेल, जशी मी प्रमिलेसमोर बसते. तिने सांगितलं, "लिही, माझा मुलगा." त्याने मान वर करून बघितलं असेल. गावाला ठाऊक असतंच. तिने पुन्हा सांगितलं असेल. मग त्याने लिहिलं. तुझ्या साहेबाच्या शंभर पुस्तकांत हे नसेल. मला कसं कळलं म्हणशील तर मीही तेच केलं आहे, या पत्रांतसुद्धा.

चिंधा सुंदरबाईचा.

प्रमिलेचा हात थांबला. लिही म्हटलं.

माझी दोन लेकरं गेली असं मी लिहवलं ते तिचं होतं. दोन तिची गेली. तिसरा जगावा म्हणून शेजारणीच्या पदरात तिने टाकला, चिंधी तिने दिली, नाव तिने ठेवलं. मग बाळंतपणाचा ताप उतरलाच नाही. महिन्याने गेली. मी आले तेव्हा तो चार महिन्यांचा होता आणि शेळीच्या दुधावर होता. माझी कूस पुढे कधी उजवली नाही. एकदाही नाही. पोर ना बाळ असं मी तिच्याबद्दल लिहवलं, ते माझ्याबद्दल होतं.

धुळ्याजवळ पांझरेकाठी तुझ्या आज्याचं गाव. तिथे जो तो मला बघितलं की पोराला जवळ घ्यायचा आणि म्हणायचा, "सुंदरसारखे डोळे शेत." मी त्याला न्हाऊ घालावं आणि बायकांनी सुंदरची आठवण काढावी. तिची आई दर अमावास्येला यायची, पोराला मांडीवर घेऊन बसायची, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी होते पंधरा वर्षांची. मला तो पोरगा पाहिजे होता. अख्खा पाहिजे होता, डोळ्यांसकट. तुझ्या आज्याला म्हटलं, इथे राहायचं असेल तर मी विहिरीत जाते. तिकडे यावलकडे केळीला जमीन मिळते म्हणतात, तिकडे चला. तो गाडी जुंपायला गेला. जमिनीसाठी आलो असं आजवर सगळ्यांना सांगितलं. तुलाही.

तापी उतरताना नावेत एक बाई होती. पोराकडे बघून विचारलं, "कोना शे वं?" मी म्हटलं, "हाऊ मना पोऱ्या शे." माझा पोऱ्या. तिला माझ्या गळ्यातला टाक दिसला. म्हणाली, "आणि पहिलीला?" मी म्हटलं, "तिले काहीच नव्हतं." दोन खोटी एकाच नावेत, आणि नाव मधोमध आली नव्हती अजून. तुझा आजा बैलांचे कासरे धरून समोर उभा होता. त्याने ऐकलं. मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर पस्तीस-छत्तीस वर्षं आम्ही एका ताटात मीठ खाल्लं, पण तो हे कधी बोलला नाही, आणि मी कधी बोलू दिलं नाही. चिंधाला ठाऊक नव्हतं. माझ्याच मांडीवर डोकं ठेवून तो गेला, मला माय म्हणत.

आता खरी गोष्ट. आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, पितरांची घागर भरतात, तू लहानपणी माझ्याबरोबर बसायचास. तुझा आजा दोन भरायचा. मोठी तोतारामाची आणि वाड्याच्या कोपऱ्यात, केळीच्या आडोशाला, एक लहान. नाव घ्यायचा नाही. वर एक आंबा ठेवायचा, सगळ्यांत चांगला. मला ठाऊक होतं कुणाची ते. दुपारी तो झोपला की मी ती घागर केळीच्या बुडाशी ओतायची आणि आंबा खायची. टाक पाठीवर टाकून.

तो जायच्या आदल्या संध्याकाळी म्हणाला, "चिंधाले तर सांगता उनं नही. लीलाधरले सांग. तिनी घागर चुकाडू नको." लीलाधरला सांगीन, तिची घागर चुकवणार नाही, असं मी कबूल केलं. मग आखाजी आली तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. पाटावर बसून विचारलंस, "कुणाकुणाची भरायची?" मी म्हटलं, तुझ्या आज्याची, बापाची, आईची. एवढीच. अकरा आखाज्या झाल्या. ऐन वैशाखात, पोटचा मुलगा होता, नातू आहे, आणि त्या बाईला अकरा वर्षं पाण्याचा थेंब नाही. तिला निपुत्रिक म्हणवून ठेवली ती मी.

तुझा आजा गेला तेव्हा मंगळसूत्राबरोबर बायका टाकही काढायला लागल्या. मी हात धरला. काळ्या दोऱ्यात ओवून परत घातला. भीतीने घातला असं सांगितलं. प्रमिले, हे नको लिहू. बरं, लिही. तिच्याशिवाय माझं भांडायला कुणी उरलं नव्हतं.

एवढे दिवस का लपवलं विचारशील. तू रक्ताच्या नात्यांचे कागद लावणारा माणूस. कोण कुणाच्या पोटचा हे आठशे वर्षांनीसुद्धा तुला पाहिजे असतं. मला वाटलं, तुला कळलं की तू मला वंशावळीतून खोडशील आणि तिथे तिला बसवशील. ती सुंदर होती, तरणी गेली, तिच्यात खोट काढायला जागा नाही. आणि मी पाच दातांची. म्हणून इसाबाईचाही राग आला. तिचं खोटं आठशे वर्षं टिकलं, माझं पन्नास टिकेना.

आखाजीला ये. मला मरायच्या आधी तिची घागर तुझ्या हातून भरलेली बघायची आहे. मी भरून चालत नाही, मी तिची कोणी नाही.

---

यावल, रामनवमी

लीलाधर,

आठ दिवस झाले. टपालवाला लोटन आता आमच्या दारापुढून जाताना सायकल जोरात हाणतो, मी विचारू नये म्हणून.

रागावला असशील तर रागावलो म्हणून लिही. खोडलं असशील तर खोडलं म्हणून लिही. प्रमिलाही माझ्याशी चार दिवस मोजकं बोलत होती. काल तिने विचारलं, "आजी, सुंदरबाई दिसायला खरंच तशी होती?" मी म्हटलं, मी बघितली नाही गं, मी फक्त ऐकली. तर म्हणते, "म्हणजे तुम्ही न बघितलेल्या बाईवर एवढी वर्षं जळलात?" आणि मग म्हणाली, "मीही जळते. त्या इझाबेलवर. पत्रात तिला तीन पानं आणि मला एक ओळ." हे तिने स्वतःहून लिहिलं आहे, मी सांगितलेलं नाही.

हलवा पाठवू नकोस. भूक नाही.

---

यावल, चैत्र संपायला चार दिवस

चि. लीलाधरास मोठ्या मायचा आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. लोटन फाटकातूनच ओरडला, "माय, मुंबई." प्रमिलेने पाकीट फाडताना आतला कागदही फाडला. तिला दोन पानं वेगळी होती. ती मला वाचून दाखवली नाहीत. विहिरीवर जाऊन वाचली आणि आल्यावर डाळीत मीठ दोनदा घातलं.

तू लिहितोस की कारकुनाची चूक हे खोडलंस. तिथे लिहिलंस, इझाबेलने ते जाणून लिहवलं असावं. साहेबांनी पुरावा विचारला तर तू म्हणालास, पुरावा यावलला आहे, पण तो छापता येणार नाही. हे बरं केलंस. साहेब हसले की रागावले ते लिहिलं नाहीस.

आणि विचारतोस, वंशावळीत आजी म्हणून कुणाचं नाव लिहू. मी प्रमिलेला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा म्हटल्यावर तिने डोळे पुसून वाचलं. रात्रभर विचार केला. सुंदरबाईचं लिही. चिंधाला तिने जन्म दिला, तेवढं तिचं. वर लिही. नाही, वर नको. बाजूला लिही, एका ओळीत दोघी. उखर्डूची भार्या सुंदरबाई, उखर्डूची भार्या कमलबाई. तिचं आधी आलं तरी चालेल, ती आधी आली होती. अक्षर मात्र सारखं काढ. तिचं ठळक काढशील तर मला वाचता येत नाही, पण प्रमिला सांगेल.

आखाजीच्या आदल्या दिवशी भुसावळला उतर, आपला गडी मगन गाडी घेऊन येईल. तिच्यासाठी नवी घागर कुंभाराकडे सांगितली आहे. त्याने विचारलं, लहान की मोठी. मी मोठी म्हटलं. खरबूज इथे मिळेल, सांजोऱ्या प्रमिला करील. आंबे मात्र इथले अजून आंबट आहेत. म्हणून येताना मुंबईहून हापूस आण, पेंढ्यात नीट बांधून, सहा. त्यातला सगळ्यांत मोठा तिच्या घागरीवर ठेवायचा, तो ओळखून वेगळ्या कागदात गुंडाळ, म्हणजे माझा हात जाणार नाही. आणि हलवा आण. मागच्यापेक्षा थोडा जास्त आण, या खेपेला टाक पुढे ठेवून खाणार आहे.